हौसाबाई बारीक झाल्या

माझ्या सासूबाईंचं वजन एकशे चार किलो होतं, तेव्हा ते सगळ्या बाळकुम गावाच्या मालकीचं होतं. उचलायचं त्यांनी एकटीनं, पण त्यावर बोलायचा हक्क सगळ्यांचा. रिक्षावाला मीटर टाकायच्या आधी मागच्या टायरकडे बघायचा. समोरच्या कॉम्प्लेक्समधल्या बायका, ज्यांच्या स्विमिंग पूलखाली एके काळी आमच्या घरची भातशेती होती, सकाळी चालायला निघाल्या की फाटकापाशी थांबून म्हणायच्या, "आजी, तुम्ही पण या ना वॉकला." डॉक्टरांना तर सासूबाईंना तपासावंही लागत नसे. दारातून आत येताना दिसल्या की निदान तयार. गुडघा दुखतो, वजन. धाप लागते, वजन. एकदा कानात किडा गेला होता. तो काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजी, वजनाचं बघा." किडासुद्धा वजन बघूनच आत शिरला असावा.

मी रसिका, त्यांची सून. मूळची डोंबिवलीची. नऊ वर्षांपूर्वी केतनशी लग्न करून या आगरी घरात आले, तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती, बोंबील साफ करता येत नव्हता आणि सासूची भाषा निम्मी कळत नव्हती. त्यांनी यातलं काहीही मनावर घेतलं नाही. "शिकशील," म्हणाल्या, आणि विषय संपला. वजनावरून आयुष्यभर बोलणी खाल्लेलं माणूस दुसऱ्याला टोचून बोलत नाही, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. माझ्या अंगात तो गुण नाही, हे पुढे दिसेलच.

माझ्या सासूबाई, हौसाबाई, म्हणजे धवलारीण. आगरी लग्नात भटजी येतात, मंगलाष्टका होतात, ते सगळं असतंच. पण त्याआधी मांडवात धवलारीण लागते. ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गाऊन देवांना बोलावते. मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाच्या नावानं हाक मारून मांडवात बसवते, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, ओळीनं. पूर्वज येऊन बसले की मगच हळद. हे कुठे लिहिलेलं नसतं. आईंना लिहिता-वाचता येत नाही; माहेरी, खडवलीकडे, मावशीच्या मागे बसून ऐकून ऐकून त्या शिकल्या. त्यांच्या डोक्यात तीन-चार तासांची गाणी होती आणि पन्नासेक घरांचे पूर्वज होते. एखादं नाव सुटलं तर तो पूर्वज रुसतो म्हणतात. चुकून जिवंत माणसाचं नाव घेतलं तर काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कधी झालंच नव्हतं.

मांडव ही एकच जागा होती जिथे त्यांच्या वजनाबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. तिथे त्यांना पाट मिळायचा, मान मिळायचा, आणि त्यांनी हात वर केला की डीजेसुद्धा बंद व्हायचा. आमच्याकडे डीजे पोलिसांचंही ऐकत नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये बेंबीपाशी हर्निया अडकला. दोन दिवस पोटात दुखत होतं, पण बोलल्या नाहीत. का बोलल्या नाहीत, ते मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "सांगून काय होनार? वजन बोलतील." तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या तेव्हा केतननं गाडी काढली. ऑपरेशन साडेचार तास चाललं. बाहेर आल्यावर सर्जननं पहिलं वाक्य काय बोलावं? "चरबी फार होती हो." जणू आम्ही ती लपवून आत पाठवली होती.

आयसीयूत दोन दिवस त्या भलत्याच जगात होत्या. सिस्टरला आपली सासू समजून डोक्यावर पदर घ्यायच्या, सलाइनचा स्टँड बाजूला करा, म्हणजे शेळ्या जातील, असं वॉर्डबॉयला सांगायच्या. मी डॉक्टरांना शोधत धावले. बंटीनं मात्र व्हिडिओ काढला. बंटी म्हणजे परशुरामकाकांचा मुलगा, आणि परशुरामकाका म्हणजे आईंचे धाकटे दीर. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ पडला आणि एकतीस जण हसून लोळले. "भुलीचा असर आहे, उतरेल," असं डॉक्टर म्हणाले. भूल उतरली. सिस्टर पुन्हा सिस्टर झाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पेढे वाटले. ज्या बाईला गोड बंद सांगितलं होतं, तिच्या उशाशी बसून अर्धा किलो पेढे संपवले.

घरी येऊन आठवडा झाला असेल. मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रसिका, माज्या डोक्यान कायतरी हालला हाय."

"म्हणजे काय आई?"

"गाना सुरू करतंय, आनि मदीच वाट नाय. पुडं काय ता ठावच नाय. आदी असा नवता होत."

मी म्हटलं, अशक्तपणा आहे, होईल ठीक. म्हणजे मीही तेच केलं जे सगळ्यांनी केलं. फक्त तेल लावता लावता केलं.

त्यांनी केतनला सांगितलं. केतन म्हणाला, "आई, वयामुळे होतं. मी पण गाडीची चावी विसरतो." त्यांनी टाके काढायला गेल्यावर सर्जनला सांगितलं, "डाक्टर, माजी गानी गेली." सर्जन चांगल्या मूडमध्ये होते. म्हणाले, "आजी, आता सगळी गाणी यूट्यूबवर मिळतात," आणि मशीनवर उभं करून वजन बघितलं. सहा किलो कमी. इतका आनंद त्यांना जखम भरून आल्याचाही झाला नव्हता.

आणि इथून आमच्या घरात आनंदीआनंद सुरू झाला. कारण आई बारीक व्हायला लागल्या.

दिवाळीपर्यंत अकरा किलो गेले. लग्नाच्या मुहूर्तांपर्यंत सतरा. लोक फाटकापाशी थांबून बघायला लागले. कॉम्प्लेक्सवाल्या बायकांनी तर मुलाखतच घेतली. "आजी, सांगा ना, कुठला डाएट करता?"

आई खरं तेच बोलल्या. "डाएट कसला? मी जेवाला इसरतंय."

बायका खदखदून हसल्या. एकीनं तर मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या सासूचा सेन्स ऑफ ह्यूमर जबरदस्त आहे. दुसरीनं विचारलं की हे इंटरमिटंट फास्टिंगमध्ये बसतं का. मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

त्या खरंच विसरत होत्या. ताट वाढून ठेवलं की देवापाशी दिवा लावायला उठायच्या आणि तिकडेच बसून राहायच्या. ताटावर माश्या. मी ओरडले की म्हणायच्या, "मी जेवली ना?" बाजारात कोळणीसमोर उभ्या राहून मासळीचं नाव आठवत नाही म्हणून नुसतं बोट दाखवायच्या. शेवटी कोळीणही म्हणाली, "हौसा, किती बारीक झालीस गं, नजर लागंल." मी केतनला दहा वेळा सांगितलं की दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. त्याचं उत्तर ठरलेलं, "अगं, बघ ना किती फिट दिसतेय. जिना चढते आता." आमच्या घरात माणूस जिना चढला की त्याचं डोकंही वरच्या मजल्यावर पोचलं असं धरतात.

मग ऐश्वर्याचं लग्न ठरलं. ऐश्वर्या परशुरामकाकांची मुलगी. फेब्रुवारीतला मुहूर्त. काका स्वतः पेढे घेऊन आले.

"वैनी, धवला तुमीच गायाचा."

आईंनी पेढे बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "परशा, मना जमनार नाय. माजी नावा चुकतात. पोरीचा लगीन हाय. काय इपरीत झाला तर?"

एका बाईनं स्वतःच्या तोंडानं, आयुष्यात पहिल्यांदा, मांडवाला नाही म्हटलं. यापेक्षा मोठ्यानं ती आणखी काय सांगणार होती? काका हसले. "काय वैनी, आता तर हिरॉईन झाल्याव. ड्रोन मागवलाय, वरून शूटिंग. तुमीच पाहिजे."

मी मध्ये पडले. म्हटलं, "काका, दुसऱ्या कुणा धवलारणीला सांगून ठेवा. आईंना खरंच बरं नाही."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी डोंबिवलीची आहे हे मला पुन्हा एकदा नीट कळावं. "घरची धवलारीन हाय आनि भायेरची आनू? गाव काय बोलंल?" गाव काय बोलेल या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसतं, त्यामुळे चर्चा संपली.

काका गेल्यावर आई मला म्हणाल्या, "आता तूच. मी रोज बोलनार, तू आयकाचा. चुकला का टोकाचा. बाकी कोन मना खरा सांगनार नाय."

मी म्हटलं, नावं लिहून ठेवते. त्यांनी कपाळाला हात लावला. "लिवलेला वाचनार कोन? मना येत नाय, आनि देव काय शालेत गेलेत?" तरीही मी चोरून फोनमध्ये लिहिली. आमच्या घरची एकूण चौदा नावं. शेवटचं नाव माझ्या सासऱ्यांचं, धोंडीबा. तिथे यादी संपायची.

रोज सकाळी मी पोळ्या लाटायचे आणि त्या ओट्याशेजारी खुर्चीत बसून गायच्या. आवाज तसाच होता, जुन्या पितळी भांड्यासारखा, खणखणीत. पण कधी चौथं नाव सुटायचं, कधी नववं दोनदा यायचं. मी टोकायचे. त्या मान हलवायच्या, पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी गाता गाता थांबून त्या नुसत्या भिंतीकडे बघायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती असायची ती मी कधी विसरणार नाही. ही बाई ऑपरेशनला जातानाही घाबरली नव्हती. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी पोळ्या जाळते. त्या महिन्यात केतननं बऱ्याच जळक्या पोळ्या खाल्ल्या आणि एकदाही का असं विचारलं नाही.

जानेवारीच्या शेवटी मात्र सुधारणा वाटली. सलग चार दिवस चौदाच्या चौदा बरोबर. त्या हसल्या, मीही हसले. लग्नाच्या दोन दिवस आधी शेवटची उजळणी होती. त्याच सकाळी आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांना मीटिंग घ्यायची बुद्धी झाली. मी घरून काम करते. एका कानात साहेब, समोर पोळपाट, बाजूला आई. त्या गात होत्या. साहेब तिमाहीच्या टार्गेटबद्दल बोलत होते. आई थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बराबर हाय?"

"बरोबर आहे, आई," मी म्हटलं.

मी ऐकलंच नव्हतं.

हळदीच्या दिवशी दुपारी काकांच्या बंगल्यासमोर पाचशे माणूस. मांडवाला झुंबरं टांगलेली. काका सोनेरी शेरवानीत, बंटी ड्रोनच्या मागे. आईंना पाटाऐवजी सोफ्याची खुर्ची दिली होती. नवी हिरवी साडी, आणि ब्लाउज दोन वेळा आत घेऊनही सैल. येणारी प्रत्येक बाई त्यांच्या दंडाला हात लावून म्हणत होती, "अग्गोबाई, निम्म्या झाल्या." त्यांनी हात वर केला. डीजे बंद झाला.

देवांना त्यांनी सुरेख बोलावलं. एक अक्षर चुकलं नाही. मी मागे उभी राहून फोनमधली यादी बघत होते. मग पूर्वज. पहिलं, दुसरं, पाचवं. मी बोटांवर मोजत होते. दहावं. तेरावं. मग सासरे. धोंडीबांना हाक मारताना त्यांचा आवाज जरा ओला झाला आणि मी डोळे मिटून श्वास सोडला. संपलं एकदाचं.

पण त्या थांबल्या नाहीत. त्याच चालीत, त्याच मायेनं, त्यांनी पंधरावी हाक मारली. परशा, तू ये. तुझ्या लेकीचा मांडव आहे, तांब्याभर पाणी ठेवलंय, पाय धू आणि तुझ्या भावाशेजारी बस.

परशुरामकाका चार फुटांवर उभे होते, हातात नारळ.

वर ड्रोन तेवढा गुणगुणत होता. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला. काकी, म्हणजे सरस्वतीकाकू, मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. काकांचा चेहरा शेरवानीपेक्षा पिवळा झाला. जिवंतपणी आमंत्रण मिळालेले आमच्या घराण्यातले ते पहिलेच पूर्वज. दुसरा कुठला दिवस असता तर मी मोरीत जाऊन पोटभर हसले असते.

आईंनी सगळ्यांचे चेहरे बघितले. मग काकांकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि त्यांना कळलं. त्या माझ्याकडे वळल्या. ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "तू बोललीस ना बराबर हाय?"

मी फोनमधली यादी बंद केली.

गर्दीतल्या दुसऱ्या एका धवलारणीनं पुढचं निभावून नेलं. बाहेरची होती, पण गाव काही बोललं नाही. आईंना आतल्या खोलीत, रुखवताच्या डब्यांमध्ये बसवलं. लग्न झालं. ऐश्वर्या सुखात आहे. काकांना दुसऱ्या दिवशी ठसका लागला तरी चार माणसं धावली, पण ते ठणठणीत आहेत.

आणि बघा, सहा महिने ज्या घराला एक डॉक्टर सापडत नव्हता, त्या घराला दोन दिवसांत ठाण्यातला सगळ्यात मोठा मेंदूचा डॉक्टर सापडला. काकांनी स्वतः फोन फिरवले, स्वतः नंबर लावला, स्वतः गाडी चालवली. भावजय जेवायला विसरते हे त्यांना कळत नव्हतं. ती आपल्याला मेलेल्यांत धरते म्हटल्यावर प्रकरण किती गंभीर आहे ते एका क्षणात ध्यानात आलं.

दवाखान्यात आत जायच्या आधी मदतनीस मुलीनं आईंना वजनाच्या मशीनवर उभं केलं. "चौऱ्याऐंशी. जुन्या फाइलवर एकशे चार आहे. वा आजी, छान." मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुढचे सगळे कागद मुकाट्यानं भरले.

डॉक्टर तरुण होत्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी आईंना तपासलं. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, वस्तूंची नावं विचारली, झोपेत घोरता का, श्वास अडतो का ते विचारलं. मग आम्हाला समजावलं. मोठ्या ऑपरेशननंतर काही जणांच्या स्मरणशक्तीवर असा परिणाम होतो. वय जास्त असेल, वजन जास्त असेल, साखर असेल, झोपेत श्वास अडत असेल, तर धोका जास्त. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं. पण वेळेवर बघावं लागतं. "आणि उपाशी राहून वीस किलो उतरणं ही तब्येत नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूलाही खायला लागतं. रक्त तपासू, झोप तपासू. गाणी पूर्ण परत येतील असं मी वचन देऊ शकत नाही."

डॉक्टरांनी पेन उचललं. "हा त्रास सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आला?"

"माझ्या," काका म्हणाले. "भर मांडवात."

"नाही, मला आधी थोडं वाटत होतं," केतन म्हणाला.

"माज्या," आई म्हणाल्या.

डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "कधी?"

"आपरेशन झाला, पयल्याच आठवड्यान."

"मग घरात कुणाला सांगितलं नाहीत का आजी?"

आईंनी उजवा हात मांडीवर उघडा ठेवला आणि अंगठ्यानं बोटांचं एकेक पेर मोजत, मांडवात बसल्यासारख्या, ओळीनं सांगितलं. "हिला सांगितला, रसिकाला, तेल लावत होती तवा. केतनला सांगितला. आपरेशनवाल्या डाक्टरला सांगितला. त्या बिल्डिंगीतल्या बायांना सांगितला. परशाला सांगितला, त्याच्या पेढ्यांम्होरं. सगली बोलली, बारीक झालीस."

डॉक्टर लिहीत होत्या. आईंच्या मागे खुर्चीला धरून मी उभी होते. नावं मी मनात पुन्हा मोजली. एकही सुटलं नव्हतं, आणि या वेळी सगळे जिवंत होते.